छातीत धडधडतंय? आधी चहाचा डबा बघा

एकदा रात्री साडेअकरा वाजता मी डावा हात धरून इस्पितळात गेलो होतो. ईसीजी निघाला, रक्तदाब मोजून झाला, सगळं ठीक. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "दिवसभरात चहा किती होतो?" मी म्हटलं, "तीन-चार." बायको शेजारून म्हणाली, "घरी तीन-चार. ऑफिसातले वेगळे." रिक्षात बसून बोटांवर मोजले तर नऊ भरले. शिवाय दुपारची मशीनची कॉफी, जी मी कधी हिशेबात धरलीच नव्हती.

त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि स्वतःवर करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहितो. सगळ्या काळजीचं मूळ चहात असतं असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांना मुळात धास्ती वाटते, त्यांच्या धास्तीला रोज सरपण कोण पुरवतं हे तपासायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे स्वयंपाकघर. सायकेडेलिक द्रव्यं (एलएसडीसारखी, भान बदलणारी) आणि कॉफी यांचं काय, असं हल्ली परदेशातली भाचेमंडळी विचारतात. होळीला भांगेनंतर कडक चहा पाजावा का, हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे. तेही शेवटाकडे घेतलं आहे.

शरीरात होतं काय

जागेपणी मेंदूचं काम चालू असतं तसतसं अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की मेंदूला निरोप मिळतो, की आता पुरे, आडवे व्हा. चहा-कॉफीतल्या कॅफीनची घडण अ‍ॅडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच जागेवर जाऊन बसतं, पण निरोप काही देत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. थकवा उतरलेला नसतो. तो गाडीतच उभा असतो, फक्त त्याला बसायला जागा नसते. म्हणून रुमाल उचलला गेला की सगळा शीण एकदम अंगावर येतो.

कॅफीन कॉफीच्या बियांतून वेगळं काढलं रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ च्या सुमारास. बिया त्याच्या हातात ठेवल्या होत्या कवी ग्योटेने. कवीला कॉफीत रस असावा यात नवल नाही.

जागा अडवण्यापलीकडे कॅफीन अ‍ॅड्रेनालिनही वाढवतं. छाती धडधडते, बोटं थरथरतात, तळव्यांना घाम येतो, पोटात गोळा येतो. आता हीच यादी भीतीचीही आहे, आणि गोम तिथेच आहे. धडधड आधी सुरू होते आणि मन तिच्यासाठी कारण शोधायला निघतं. साहेबांचा तो मेसेज, आईचा रिपोर्ट, कर्जाचा हप्ता, काहीतरी सापडतंच. मग वाटतं, हप्त्याच्या काळजीने धडधडतंय. खरं तर पाऊण तासापूर्वी पोटात गेलेला कप बोलत असतो.

ज्यांना पॅनिकचे झटके येतात त्यांना तर हे फारच लागू पडतं. अशा रुग्णांना एका वेळी चार-पाच कप कॉफीइतकं कॅफीन देऊन प्रयोग झाले आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना झटका आला, तर हा आजार नसलेल्यांत क्वचितच कुणाला. माणसामाणसांत फरकही मोठा असतो. काहींच्या अ‍ॅडेनोसिनच्या जागांची जनुकीय घडणच अशी असते की थोड्या कॅफीननेही त्यांना अस्वस्थ वाटतं. त्यामुळे शेजारचे काका रात्री दहाला फिल्टर कॉफी पिऊन घोरतात, हा तुमच्यासाठी पुरावा नाही.

पहिली पायरी: वाणसामानाच्या यादीवरून हिशेब

कप मोजायला गेलं की सगळेच खोटं बोलतात, मीही बोललो. त्यापेक्षा महिन्याच्या किराण्यात चहा पावडर किती येते ते बघा. समजा घरात चहा पिणारी चार माणसं आहेत आणि महिन्याला एक किलो संपते. हजार भागिले तीस भागिले चार, म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमच्या थोडं वर. चहाच्या पानात वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं. मधला आकडा धरला तर ग्रॅमला ३० मिलिग्रॅम. आपला दाणेदार सीटीसी चहा दुधात खळखळून उकळतो, त्यामुळे त्यातलं बरंचसं कॅफीन कपात उतरतं. म्हणजे घरच्या घरी माणशी दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम झालं. पाहुण्यारावळ्यांचं थोडं वजा करा आणि बाहेरचं सगळं मिळवा.

बाहेरच्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिलेले आकडे सोयीचे आहेत. दीडशे मिलिलिटरच्या कपात ताज्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा त्यांनी ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. युरोपची अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० पर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत चालेल म्हणते, गरोदरपणात दिवसभरात २००. धास्तीचा त्रास असलेल्याने यातला कुठलाही आकडा आपला हक्क समजू नये. माझी गाडी दीडशेच्या पुढे खडखडते.

काही गैरसमज इथेच मोडतो. गुळाच्या चहात कॅफीन तेवढंच असतं, बदलतो तो फक्त गोडवा. कटिंग म्हणजे निम्मा चहा हे खरं, पण टपरीवर तो तासन्‌तास उकळत ठेवलेल्या पातेल्यातून येतो आणि एकावर थांबतो कोण? गवती चहाच्या पातीत कॅफीन नसतं, मात्र आपण ती बहुतेक वेळा पावडरीबरोबरच उकळतो. चिकोरीतही नसतं. दुकानातल्या कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते, प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांत कॅफीन घातलेलं असतं, तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचा.

एनर्जी ड्रिंकला आपल्याकडे लिटरमागे कमाल ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे अडीचशे मिलीच्या डब्यात ७५ पर्यंत. आकडा कॉफीपेक्षा मोठा नाही. पण गार आणि गोड असल्यामुळे तो डबा घटाघट जातो, आणि परीक्षेच्या आठवड्यात तो चहाच्या ऐवजी नाही, चहाच्या जोडीला येतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची मुलं रात्री दोनला टपरी शोधत फिरतात. पेपरच्या दिवशी हात थरथरतो तो सगळाच पेपरमुळे नसतो.

दुसरी पायरी: सात दिवसांची वही

या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं. प्रत्येक पेयाची वेळ, पोट रिकामं होतं की भरलेलं, आणि धडधड किंवा घालमेल झाली तर तिची वेळ. नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा आणि तेही टिपा. माझ्या वहीतलं बुधवारचं पान असं होतं:

६:५०, चहा, रिकाम्या पोटी. ९:१५, चहा, पोह्यांबरोबर. ११:००, टपरी, सोबत दोघे, दोन कटिंग. ११:४५, मीटिंगआधी घालमेल, नाडी १०४. ३:३०, मशीनची कॉफी. ४:१५, उगाच चिडलो. ५:४५, चहा. रात्री १:२०, जागा.

कॅफीन प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तात सर्वांत जास्त असतं. त्यामुळे घालमेलीच्या नोंदीपासून मागे एक तास बघा. तिथे कप वारंवार सापडला तर संशय बळावतो. नाही सापडला, तर कारण दुसरीकडे आहे, आणि ते कळणंही कामाचंच. आठवडाभरात माझ्या अकरा घालमेलींपैकी आठ कपाच्या मागे लागून आल्या होत्या. उरलेल्या तीन खऱ्या होत्या.

तिसरी पायरी: प्रमाण नाही, आधी वेळ हलवा

बहुतेक जण इथे चुकतात. सोमवारपासून चहा बंद अशी प्रतिज्ञा करतात आणि मंगळवारी डोकं धरून बसतात. तसं करू नका. आधी दिवसातला शेवटचा कप वर सरकवा.

शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. साडेपाचला १०० मिलिग्रॅम घेतलं तर साडेदहाला ५० उरलं आणि रात्री साडेतीनला २५. झोप लागते, पण ती कच्ची असते. झोपण्याआधी सहा तास ४०० मिलिग्रॅम घेतलेल्या लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाल्याचं एका प्रयोगात मोजलं गेलं आहे. कमी झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी जास्त धास्तावतो आणि जास्त चहा पितो. हे चक्र तोडायचं तर दुपारी दोननंतर कॅफीन नाही, एवढा एकच नियम पहिले दहा दिवस पाळा. चारच्या चहाच्या जागी गवती चहा, आलं आणि गूळ उकळून घ्या. नाहीतर कोकम सरबत, नाहीतर ताक. टपरीवरची संगत सोडू नका, हातात दुसरं काही धरा. मला वाटतं, आपण चारचा चहा निम्मा तर उठून जायला मिळतं म्हणूनच पितो.

सकाळचा पहिला कप रिकाम्या पोटी घेत असाल तर आधी काहीतरी खा, केळं किंवा दोन खजूर. कॅफीन तेवढंच मिळेल, पण सावकाश चढेल.

चौथी पायरी: चमचा सपाट करा

आता प्रमाण. दर चार-पाच दिवसांनी एकूण कॅफीनच्या पाव भागाहून जास्त कमी करायचं नाही. चहाचं सोपं आहे. डब्यातला चमचा आपण शिगोशीग भरतो, पहिल्या टप्प्यात तो सुरीने सपाट करा. दुसऱ्या टप्प्यात उकळण्याचा वेळ कमी करा, एक उकळी आणली की झाकून ठेवा. तिसऱ्या टप्प्यात पावडर अजून थोडी कमी आणि सुंठ, वेलची, गवती चहा जास्त. चहाची निम्मी तलफ वासाची असते आणि वास कमी होत नाही, म्हणून हे निभतं. कॉफी पिणाऱ्यांनी जास्त चिकोरीच्या मिश्रणाकडे सरकावं. डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफीही चालते, मात्र त्यातही कपामागे थोडंसं कॅफीन उरतंच.

अचानक बंद केलं तर काय होतं? १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. सुस्ती, चिडचिड, मळमळ, कधी उदास वाटणं. रोज १०० मिलिग्रॅमवर असलेल्यांनाही हे होतं. अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात २०१३ पासून कॅफीन सुटण्याच्या त्रासाला स्वतंत्र स्थान आहे, म्हणजे हे लाड नव्हेत. हरतालिकेच्या निर्जळी उपासाला दुपारी ठणकणारं डोकं बरेचदा पित्ताच्या नावावर जमा होतं. त्यात सकाळच्या चुकलेल्या चहाचाही वाटा असतो. उलट एकादशीला अन्न कमी आणि चहा जास्त होतो. त्या दिवशी साबुदाण्याच्या आधी तीन कप झाले असतील तर घालमेलीला पांडुरंग जबाबदार नाही.

तीन आठवड्यांत मी रोजच्या दोन लहान कपांवर आलो. पाचव्या दिवशी घरातल्यांवर ओरडलो, ते नोंदवून ठेवतो.

धडधड सुरू झाली त्या क्षणी

आधी घड्याळ बघा आणि शेवटचा कप आठवा. "हे कॅफीन आहे, उतरेल" हे स्वतःला शब्दांत सांगितल्याने खरंच फरक पडतो, कारण मनाला कारण हवं होतं, ते मिळालं. मग बसून श्वास सोडायचा वेळ श्वास घेण्याच्या दुप्पट करा, चार मोजत आत आणि आठ मोजत बाहेर, पाच मिनिटं. जमत असेल तर सावकाश चक्कर मारा. पाणी प्या, पण पाण्याने कॅफीन धुऊन निघत नाही. ते यकृतालाच मोडावं लागतं आणि यकृताला घाई करता येत नाही. "जरा बरं वाटेल" म्हणून कुणी चहा पुढे केला तर हात जोडा.

हिशेब बदलणाऱ्या गोष्टी

सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृताचं कॅफीन मोडायचं काम जवळपास दुप्पट वेगाने करायला लावतात. म्हणून चहा-सुट्ट्यावाल्यांना सात-आठ चहा पचतात. सिगारेट सोडली की थोड्याच दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढाच चहा दुपटीने लागतो. माणसाला वाटतं सिगारेट सुटल्यामुळे जीव कासावीस होतोय, आणि तो परत ओढायला लागतो. सिगारेट सोडताना चहा निम्म्यावर आणा, ही सूचना मला कुणी दिली असती तर माझा पहिला प्रयत्न वाया गेला नसता. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. तंबाखू-चुना मळणाऱ्यांना हा नियम लागू नाही.

गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफीन रेंगाळण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही वाढतो. फ्लुवोक्सामिन हे धास्ती-नैराश्याचं औषध आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुविरोधी औषध कॅफीन मोडणं बरंच मंदावतात. लिथियम हे बायपोलर आजाराचं औषध घेणाऱ्यांनी चहा-कॉफी अचानक बंद करू नये, कारण त्याने रक्तातलं लिथियम वाढतं. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचं प्रमाणही कॅफीनने हलतं. या औषधांवर असाल तर वरच्या पायऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

सायकेडेलिक आणि कॉफी

आधी कायदा. एलएसडी आणि काही अळिंब्यांतलं सिलोसायबिन भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंद आहेत, गोव्यातही. नेदरलँड्समध्ये सिलोसायबिन असलेले ट्रफल, म्हणजे बुरशीच्या गाठी, विकत मिळतात, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात देखरेखीखाली सिलोसायबिन देण्याची केंद्रं २०२३ पासून चालू झाली. तिकडच्या मराठी मुलांकडून प्रश्न येतात ते यामुळे.

या दोन विषयांना जोडणारा एक माणूस होता, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक रोलंड ग्रिफिथ्स (२०२३ साली ते वारले). आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी कॅफीनची सवय आणि ते सुटल्यावरचा त्रास मोजण्यात घालवली. २००६ साली त्यांच्याच गटाचा सिलोसायबिनवरचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या प्रयोगांची एक अट मला फार आवडते. ज्याला सकाळी कॉफी-चहाची सवय आहे, त्याने सत्राच्या दिवशी येण्यापूर्वी नेहमीइतकाच घ्यायचा. ज्याला सवय नाही, त्याने त्या दिवशी अजिबात घ्यायचा नाही. कॅफीन जाणणाऱ्या माणसाची ही अट आहे. सिलोसायबिनने काहींचं डोकं नंतर तसंही दुखतं, त्यात कॉफी सुटल्याची डोकेदुखी मिसळली तर काय कशामुळे हे कळेनासं होतं.

त्यामागचं शरीरशास्त्र सरळ आहे. ही द्रव्यं मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या द्रव्याच्या एका ठरलेल्या जागेवर काम करतात, कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर. रस्ते वेगळे, पण नाडी आणि रक्तदाब दोघंही वाढवतात. शिवाय त्या अवस्थेत शरीरातली प्रत्येक खूण मोठी होऊन दिसते. एरवी जिच्याकडे दुर्लक्ष झालं असतं ती धडधड तिथे "मी मरतोय" होऊन बसते. नेहमीपेक्षा जास्त कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेणं म्हणजे हा धोका हाताने ओढवून घेणं. हृदयविकार असेल, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा आजार असेल, तर प्रश्न कॉफीचा उरतच नाही, ते द्रव्यच नको. लिथियम चालू असताना ही द्रव्यं घेतलेल्यांना फिट आल्याच्या नोंदी आहेत.

भांग चढलेल्याला कडक चहा नको

भांगेतलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य नाडी वाढवतं. पोटातून घेतलेली भांग चढायला एक-दोन तास लागू शकतात. अर्ध्या तासात काही होत नाही म्हणून दुसरा ग्लास रिचवला जातो, आणि मग दोन्ही एकदम येतात. धुळवडीच्या दुपारी अशा कुणाची तरी घाबरगुंडी उडते आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "कडक कोरा चहा द्या, उतरेल." उतरत नाही. आधीच पळणाऱ्या नाडीला कॅफीनचा चाबूक बसतो, झोपून गेला असता तो माणूस जागा राहून घाबरतो. लिंबाने किंवा चिंचेने बिघडत नाही, पण गुण येईलच असा भरवसाही नाही.

त्याला शांत, मंद उजेडाच्या खोलीत न्या. ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या, बाकीच्यांनी थट्टा आणि मोबाइल दोन्ही आवरावेत. घोटघोट पाणी द्या. "हे भांगेमुळे आहे, काही तासांत जाईल" हे वाक्य दर पाच मिनिटांनी सांगावं लागेल, न कंटाळता सांगा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे कधी

छातीत दुखून ते हातात, पाठीत किंवा जबड्यात जात असेल, घेरी येऊन पडायला झालं, दम लागला, तर वही उघडू नका, थेट इस्पितळ गाठा. मी त्या रात्री गेलो ते बरोबरच केलं. तीन-चार आठवडे कॅफीन कमी करूनही धडधड तशीच राहिली तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण दोन्हींचे आजार अगदी धास्तीसारखे दिसतात. रक्त कमी असणाऱ्यांनी जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळायचा, त्यातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. आणि धास्ती खरोखरच मनाची असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

जाताना ती सात दिवसांची वही सोबत न्या. चहा किती, हे तिथे विचारतीलच, आणि शेजारून बायकोने दुरुस्ती करायची वेळ येणार नाही.